दुखणे माशाचे की पाण्याचे?

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी भरणाऱ्या बाजारात, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, किंवा शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठी देशभर नाव असलेल्या चेन्नईच्या कोळत्तूर भागात दृश्य सारखेच दिसते. दुकानदार जाळीने मासे पकडतो, प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घेतो, उरलेली पिशवी प्राणवायूने फुगवतो आणि तोंडाला रबर गुंडाळून ती एखाद्या लहान मुलाच्या हाती देतो. यांपैकी किती मासे पहिला महिना ओलांडतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही. परंतु जुन्या दुकानदारांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एका रविवारी पेटी व मासे घेऊन गेलेले नवे गिऱ्हाईक पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या रविवारी औषध मागण्यासाठी परत येते. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा रविवार आहे.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. घरातील मुलीच्या वाढदिवसानिमित्त साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी काचेची पेटी आणली जाते. हिशेबाने तिच्यात 54 लिटर पाणी मावते. तळाची वाळू, गोटे आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात 45 लिटरच्या आसपास राहते. पेटी नळाच्या पाण्याने भरली जाते आणि त्याच संध्याकाळी तिच्यात चार गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल, सहा टेट्रा आणि ‘काच साफ ठेवतो’ म्हणून एक सकर मासा सोडला जातो. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते. सहाव्या दिवशी गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात. त्यांचे कल्ले भराभर हलत असतात. घरातील वडीलधारी मंडळी पाणी खराब झाले असे ठरवून सारे पाणी उपसून टाकतात, वाळू धुतात, गाळणीतील स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून काढतात आणि पेटी पुन्हा काठोकाठ भरतात. दोन दिवस बरे जातात आणि मग पहिला मासा मरतो. दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, पेटीतील पाणी शाईसारखे दिसू लागते. पंधरवडा संपताना पेटीत सकर आणि एखादी मॉली उरते. मुलीने माशांना नावे ठेवलेली असतात, तेव्हा जे घडते ते काही रुपयांचे नुकसान म्हणून सोडून देता येत नाही.

या साऱ्या हकीकतीत निष्काळजीपणा कोठेही नाही. उलट, प्रत्येक पाऊल काळजीपोटीच उचललेले आहे. खरी अडचण अशी की, यांतील प्रत्येक पावलाने माशांना ज्या गोष्टीची गरज होती तीच गोष्ट नाहीशी केली. ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचे स्वरूप आधी समजून घेणे इष्ट ठरेल.

माणूस शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकतो. मासा ती मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने, सरळ भोवतालच्या पाण्यात सोडतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून त्यात आणखी अमोनियाची भर पडते. नदीत किंवा तळ्यात एका माशाच्या वाट्याला इतके पाणी येते की या विषाचा पत्ताही लागत नाही. काचेच्या पेटीत मात्र माशाचे राहण्याचे घर आणि त्याची मोरी एकच असते. अमोनिया वाढला की कल्ले दाह होऊन लाल पडतात, त्यांवर बुळबुळीत श्लेष्मा जमतो आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो घेणे माशाला जड जाते. पृष्ठभागाशी चाललेली ती तोंडाची उघडमीट याचीच खूण होय.

या विषाचा निचरा निसर्गात कसा होतो, हे कोडे उलगडण्यात एकाच घरातील बापलेकांचा हात लागला, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मौजेचा योग आहे. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एकाच भांड्यात ठेवून, पाणी न बदलता ते सारे जगू शकतात असे दाखवून दिले. घरगुती मत्स्यपेटीच्या छंदाचा पाया अशा प्रयोगांनी घातला. वॉरिंग्टनची समजूत अशी होती की मासा व वनस्पती यांची वायूंची देवघेव झाली की काम भागते. परंतु त्याच नावाच्या त्याच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात जमिनीतील अमोनियाचा अभ्यास केला आणि अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट असे दोन टप्प्यांत रूपांतर होते, हे दाखवले. हे काम सजीवांचे आहे असे 1877 साली श्लेसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले होते. ते जीवाणू 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे काढले. बापाच्या भांड्यातील मासे कशाच्या बळावर जगत होते, याचे उरलेले अर्धे उत्तर मुलाच्या शेतातील मातीत होते.

पेटीतील जीवाणूंविषयीचे ज्ञान अलीकडे आणखी बदलले आहे. नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू नायट्रोबॅक्टर जातीचे असतात असे सर्व जुनी पुस्तके सांगत. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू करतात असे 1998 साली दिसून आले. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा आढळले, आणि त्यांतील काही मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतच सापडले. नवशिक्याला ही नावे पाठ करण्याची गरज नाही. त्याने त्यांचे तीन स्वभाव मात्र ध्यानात ठेवावेत. ते पाण्यात तरंगत राहत नाहीत, तर स्पंज, वाळू, गोटे यांना चिकटून राहतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो. आणि ते फार सावकाश वाढतात: अन्न नासविणारे सामान्य जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, तर यांना बहुधा एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले ते त्या वेगाने वाढणाऱ्या मंडळींमुळे. कामाचे जीवाणू तेव्हा जेमतेम वस्तीला आलेले असतात.

म्हणून नव्या पेटीत पहिल्या एकदोन आठवड्यांत अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो तसा नायट्राइट चढतो, आणि चारसहा आठवड्यांनी दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरते. नायट्रेट माशांना तुलनेने फारच कमी बाधते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. आता उदाहरणातील घराकडे पुन्हा पाहिले तर सहाव्या दिवशी काय झाले ते उघड दिसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनखाली स्पंज पिळला गेला तेव्हा जी थोडी वस्ती तयार झाली होती ती धुऊन गेली आणि घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसावर आले. निळे औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर उपयोगी पडते. परंतु याच जीवाणूंना ते मारक आहे. प्रतिजैविकांच्या गोळ्यांचेही बरेचसे असेच. रोगाचे निदान न करता दिलेल्या औषधाने येथे नुसता पैसा वाया गेला नाही, तर एकमेव वैद्यच घराबाहेर काढला गेला.

एका गावातील छंदिष्टाचा सल्ला दुसऱ्या गावी का लागू पडत नाही, याचेही कारण येथेच आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतील मुक्त अमोनियाच खरा विषारी असतो. या दोन रूपांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे बाजारातल्या भाषेत पीएचवर, अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग मुक्त असतो. सामू 8 झाला की तोच भाग शेकडा पाचांच्या वर जातो. दहा पटींची ही तफावत आहे, आणि पाणी जितके उष्ण तितकी ती अधिक घातक. मुंबईला तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तर दख्खनच्या पठारावरील, राजस्थानातील किंवा दिल्लीच्या आसपासच्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन आणि अल्कधर्मी. तेवढेच मासे, तेवढेच अन्न आणि तेवढीच पेटी मुंबईत निभावून जाते आणि जयपुरात निभावत नाही, यात नवल नाही.

नायट्राइटची तऱ्हा निराळी आहे. तो रक्तात शिरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेतो. रक्त तपकिरी दिसू लागते. कल्ला हळूच उचलून पाहिला तर आतील तांबडा रंग जाऊन चहासारखी छटा आलेली दिसते. यावर एक स्वस्त उपाय प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. नायट्राइट आणि मिठातील क्लोराइड हे दोन्ही कल्ल्यांतील एकाच दारातून आत येतात. दाराशी क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला वाट मिळत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे 45 लिटरच्या पेटीला सुमारे चार सपाट चमचे मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून तासा-दीड तासात थोडे थोडे घालावे. मूठभर मीठ सरळ माशांच्या अंगावर टाकणे मात्र अघोरीपणा होय.

येथवर पाण्याचा विचार झाला. परंतु आजारी मासा समोर असताना दोष नेमका कोठे आहे हे ओळखायचे कसे? जुना वैद्य नाडी पाहण्याआधी घरच्यांना प्रश्न विचारी. येथेही तीच रीत उपयोगी पडते, आणि पहिला प्रश्न असा: किती मासे आजारी आहेत आणि किती वेळात? जंतूंचा किंवा परजीवींचा रोग एका माशापासून दुसऱ्याकडे जातो, त्याला दिवस लागतात. रात्री ठणठणीत असलेले सारे मासे सकाळी एकदम तडफडत असतील तर तो रोग नव्हे. विष किंवा प्राणवायूचा अभाव यांपैकी एक कारण शोधावे. दिवसाआड एकेक मासा सुस्त होत, पर अंगाशी मिटून घेत, रंग फिका पडत जात असेल तर अमोनिया किंवा नायट्राइट. आणि बाकी सर्व मासे खाऊन-पिऊन खेळत असताना एकटाच कोपऱ्यात बसला असेल, तर दुखणे त्या माशाचे स्वतःचे.

दुसरा प्रश्न वेळेचा. पाणी बदलल्यावर तासाभरातच मासे सैरावैरा धावू लागले, उड्या मारू लागले, तर क्लोरीनचा संशय घ्यावा. पावसाळ्यात नगरपालिका पाण्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवतात आणि इमारतींच्या टाक्या ब्लीचिंग पावडरने धुतल्या जातात. एरवी चालून गेलेले पाणी जुलै महिन्यात मारक ठरते ते यामुळे. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, किंवा छायाचित्रकार वापरीत असत त्या हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, दोनचार खडे त्यात विरघळवले, की क्लोरीनचा बंदोबस्त होतो. धाप पहाटे लागत असेल आणि दिवस वर आल्यावर कमी होत असेल, तर प्राणवायू अपुरा पडतो आहे. रात्री वनस्पतीही श्वसन करतात आणि प्राणवायू वापरतात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात 7.5 मिलिग्रॅमच. उन्हाळ्यात, विशेषतः उत्तर भारतात, वीज गेल्यावर गर्दीच्या पेटीत मासे का मरतात हे या दोन आकड्यांत आहे. आवाजाने झोप येत नाही म्हणून रात्री वायुपंप बंद करणाऱ्या घरांची तर गणतीच नाही.

येथे गुरामीविषयी एक शब्द. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पाणथळ जागांत राहणारी आपल्याकडची लाल-निळ्या पट्ट्यांची छोटी गुरामी आणि बाजारात मिळणारा फायटर यांना डोक्यात एक खास इंद्रिय असते, त्याने ते हवेतला प्राणवायू सरळ घेतात. ते मधूनमधून पृष्ठभागाशी येतात हा त्यांचा स्वभाव आहे, दुखणे नव्हे. नवशिका उगाच घाबरतो. उलट, बाकीचे मासे धापा टाकत असता गुरामी निवांत असेल, तर प्राणवायूच कमी आहे असा अंदाज बांधता येतो. गुरामीही झुरत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, आणि भारतीय घरांत तो फार महत्त्वाचा आहे: काल रात्री खोलीत काय फवारले? डासांसाठी लावायच्या वड्या, द्रवाची यंत्रे आणि झुरळांवरचे फवारे यांत पायरेथ्रॉइड जातीची रसायने असतात. माणसाला ती त्या प्रमाणात फारशी बाधत नाहीत. माशांना अत्यंत विषारी असतात. वायुपंप खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुड्यांच्या रूपाने ती रात्रभर पाण्यात सोडतो. म्हणजे ज्या यंत्राने माशांना श्वास द्यायचा तेच यंत्र विष पाजते. पेटी असलेल्या खोलीत ही साधने वापरू नयेत, मच्छरदाणी बरी. घराला रंग देताना किंवा वाळवीचे औषध मारताना पेटी झाकून पंप दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि लांब नळीने हवा आणावी.

दोष पाण्याचा आहे असे दिसल्यावर करायचे काम साधे आहे, आणि त्यात बाटली कोठेच नाही. अन्न बंद करावे. प्रौढ मासा एक आठवडा उपाशी राहिला तरी मरत नाही. मुलांना ही गोष्ट पटवणे मात्र कठीण जाते. पाण्याचा एक तृतीयांश ते निम्मा भाग रोज बदलावा, नवे पाणी क्लोरीनरहित आणि पेटीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. सारे पाणी एकदम बदलू नये. स्पंज मळला असेल तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबावा, नळाखाली कधीही धरू नये. पंप अहोरात्र चालू ठेवावा. अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजण्याचे थेंबांचे संच आता आपल्याकडे मिळतात. निळ्या औषधापेक्षा ते महाग वाटतात, परंतु पहिली खरेदी तीच असावी. आणि ओळखीच्या कोणाकडे वर्षभर निरोगी चाललेली पेटी असेल, तर तिच्या गाळणीतील जुन्या स्पंजाचा तुकडा मागून आणावा. ओला ठेवून तासाभरात आपल्या गाळणीत बसवला तर तो सहा आठवड्यांचे काम पुष्कळच कमी करतो. अशा मळकट स्पंजाला दुकानात किंमत नाही, म्हणून दुकानदार त्याचे नाव काढीत नाही, इतकेच.

आता जे खरोखरीचे रोग नव्या पेटीत येतात त्यांत पहिला मान पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके दिसतात, मासा गोट्यांना अंग घासतो. याचे कारण इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय आदिजीव. फुके या फ्रेंच संशोधकाने 1876 साली त्याचे वर्णन केले. माशाच्या अंगावरची लेकुरवाळी ऊ, असा त्या लांबलचक नावाचा अर्थ सांगता येईल, आणि तो अगदी सार्थ आहे. ठिपक्याच्या आत, कातडीखाली, हा जीव माशाच्या ऊतकांवर पोसतो. पुरता वाढला की तो सुटून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिले तयार करतो. कवच फुटून ती पोहत बाहेर पडतात. दिवसा-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

औषधाचा उपयोग याच पोहणाऱ्या पिलांवर होतो. कातडीखालच्या किंवा कवचातल्या जीवाला औषध पोचत नाही. म्हणून आज औषध घातले आणि उद्या ठिपके गेले नाहीत तर ते निरुपयोगी ठरत नाही. आणि परवा ठिपके गेले म्हणून उपचार थांबवले तर आठवड्याने ते दुपटीने परत येतात. पाणी जितके उबदार तितके हे चक्र जलद फिरते: 25 अंशांच्या आसपास ते साधारण आठवड्यात पुरे होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे तापकाने पाणी हळूहळू, दिवसाला एकदोन अंश या बेताने, तीस अंशांपर्यंत नेणे, बुडबुडे वाढवणे, लिटरला एक ते दोन ग्रॅम मीठ घालणे आणि तळ रोज नळीने ओढून घेणे, हा उपाय पंधरवडाभर नेटाने करावा. मीठ न सोसणाऱ्या वनस्पती आणि काही जातींचे कॅटफिश आधी बाजूला काढावेत. मॅलॅकाइट ग्रीन हे औषध परिणामकारक असले तरी ते जपून वापरण्याचे द्रव्य आहे. खाण्याच्या माशांवर त्याचा वापर निषिद्ध आहे. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि स्वतःही हातमोज्यांशिवाय हाताळू नये. लखनौ, दिल्ली, चंडीगड येथे हा रोग नोव्हेंबर-डिसेंबरात, पाणी एकाएकी गारठल्यावर, हटकून डोके वर काढतो. मात्र प्रत्येक पांढरा ठिपका रोगाचा नसतो. विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे पुटकुळे ओळीने उठतात. तो त्याचा बाशिंगाचा थाट असतो आणि त्याच्यावर औषधाचा मारा होतो.

परांच्या कडा कुजून झालर झाल्यासारखे दिसणे हा बहुतेक वेळा घाणेरड्या पाण्याचाच पुढचा अध्याय असतो. पाणी सुधारले की पर पुन्हा वाढतात. जखमेवर कापसासारखा पुंजका दिसला तर तेथे बुरशी आहे असे समजतात, पण काही जीवाणूही असाच पुंजका करतात; असा मासा वेगळ्या भांड्यात काढून मगच औषध द्यावे, म्हणजे मोठ्या पेटीतील जीवाणू वाचतात. गोल्डफिश पोट वर करून तरंगत असेल तर कोरडे दाणे अधाशीपणे गिळल्याचा तो परिणाम असू शकतो. दोन दिवस उपास आणि मग साल काढलेला उकडलेला मटार. पोट फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील, तर मासा क्वचितच वाचतो, आणि हे घरातील मुलांना आधीच सांगितलेले बरे.

आणि सकर? तो काच साफ ठेवतो खरा, पण त्याची स्वतःची घाण तो साफ करीत नाही. ती मात्र भरपूर असते. शिवाय तो एक फुटाहून मोठा होतो. मग कंटाळलेला मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतो. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात आणि आंध्र, तामिळनाडू, केरळातील जलाशयांत पसरला आहे आणि तेथील मासेमारांची जाळी त्याच्या काटेरी अंगाने फाटतात. आजारी किंवा नको झालेला मासा कोणत्याही नदीनाल्यात सोडू नये, मेलेलाही टाकू नये. मेलेला कुंडीतल्या मातीत पुरावा.

सर्व मासे मेले अशी वेळ आली तर पेटी कोरडी करून माळ्यावर ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. पंप चालू ठेवावा आणि मासे आहेत असे समजून रोज चिमूटभर अन्न पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया होईल आणि जीवाणूंना खाद्य मिळेल. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी उबदार पाण्यात माशांवाचून पंधरवडाही तग धरीत नाही. चारसहा आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की साठलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्मे पाणी बदलावे आणि पाचसहा झेब्रा मासे आणावेत. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतील माशांवरील आपल्या 1822 सालच्या ग्रंथात नोंदवलेला हा बोटभरही नसलेला मासा काटक आहे आणि आपल्याच पाण्यातला आहे. पिशवी पंधरा मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी आणि उघडल्यावर मासे लगेच जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. प्रवासात त्यात अमोनिया साठलेला असतो, आणि पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सामू चढतो व तो अमोनिया विषारी होतो. यापुढचे मासे दोनतीन आठवड्यांनी, तेही आधी वेगळ्या टबात तितकेच दिवस ठेवून. गोल्डफिश मात्र या पेटीत पुन्हा आणू नयेत. चार गोल्डफिशांना 45 लिटर पाणी कधीच पुरणार नव्हते.